एकास बहात्तर

रविवारी, जेवणं उरकल्यावर,
वृद्धाश्रमाच्या बैठकीत तोच सिनेमा लागतो.
अर्धी खोली घोरत असते. नर्स आवाज कमी करते,
तरी चार इंजिनांची घरघर
बशीतल्या चमच्याला कळते.

कृष्णधवल गवत आडवं होतं,
आणि ते अवजड धूड
दिवस भरलेल्या बाईसारखं
कशाचा तरी आधार घेत उठतं.
व्हायोलिनं तेव्हाच चढतात.
आत सात पोरं. त्यातल्या एकाला
सकाळीच बायकोचं पत्र आलेलं.
तो परत येणार नाही,
हे आम्हाला चहाच्या आधीच कळतं.

खरं तर ते उडालंच नव्हतं.
तीन नंबरच्या शेडमध्ये प्लायवुडचा सांगाडा,
ट्रकच्या ट्यूबांवर बसवलेला.
चार सुतार खालून वासे घालून हलवायचे,
तोफा सुरू म्हटलं की जरा जोरात.
ढग कापसाचे. दिव्यांच्या उष्म्यात
लोकरी कॉलरमधले नट घामाने थबथबलेले,
आणि कोपऱ्यात, घडीच्या खुर्चीवर,
सल्लागार म्हणून आणलेला लेनर्ड प्रिडमोर,
खराखुरा, शेपटातला मशीनगनवाला.
त्याला विचारलं, काय चुकतंय?
म्हणाला, "थंडी."
दिवसाचे तीन पौंड घेऊन एवढंच.

गाव मी केलं होतं.
ते, शेवटी जळतं ते.
जर्मन आहे असं धरायचं, नाव नाही,
एकास बहात्तर मापाचं.
प्लास्टर, बूच, अभ्रकाचा चुरा.
पण गल्ल्या कुठून आणायच्या?
मला एकच गाव पाठ होतं.
म्हणून हल बंदरातली आमची गल्ली मांडली:
कोपऱ्यावरचा मासेवाला,
ऑडल्बीबाईंचं कललेलं धुराडं,
आणि आमच्या मागच्या अंगणात, शिवणाच्या दोऱ्यावर,
सिगारेटच्या कागदाचे चार सदरे, एक झगा.

एक्केचाळीसच्या मे महिन्यात
आईचे वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे राहिले.
सकाळी घर नव्हतं.
दोरी होती. कपडे होते.
वाळले होते.

दिग्दर्शक म्हणाला, एनिड, हे वरून दिसणार नाही.
म्हटलं, नाहीच दिसत.

पेटवायच्या आदल्या संध्याकाळी
प्रिडमोर एकटाच आला, टोपी हातात.
गुडघ्यांवर बसला, मग गाल टेकवला फरशीला,
डोळा माझ्या रस्त्याच्या उंचीला आणून.
हा माणूस तीस वेळा गेला होता,
आणि तीसही वेळा पाठमोरा बसून.
बाकीच्यांचं काम आटोपायचं, ते पुढे बघायचे, घराकडे;
मागे उरलेलं लहान लहान होत जाताना
याच्याच वाट्याला यायचं.
"पडदे आहेत का खिडक्यांना?"
आहेत.
"आणि हे काय लटकतंय?"
सांगितलं.

बराच वेळ उठला नाही.
मग त्या जाड, हिमाने एक पेर खाल्लेल्या बोटांनी
एकेक कागद दोऱ्यावरून उतरवला,
श्वास रोखून, फाटू न देता,
काड्या खिशात ओतून
रिकाम्या पेटीत ठेवला.
"रात्री बाहेर ठेवू नयेत," म्हणाला,
दव पडेल, असं काहीतरी.
मी त्याला माफ केलं का?
कोणी विचारलं नाही. त्यानेही नाही.

पडद्यावर आता ते आलंय.
खाली पांढरी, गोल, सुबक फुलं उमलतात,
आवाज नाही, नुसतं संगीत.
माझं गाव अकरा सेकंद टिकतं.
दर रविवारी मी दोरी शोधते,
आणि दर वेळी कॅमेरा वळतो
पोरांच्या चेहऱ्यांकडे.

शेवटी पहाट. धावपट्टीच्या कडेला
माणसं मान वर करून मोजत राहतात:
अकरा. बारा. आणखी एक यायचंय.
मीही खोलीत जाऊन खण उघडते.
काडेपेटीत चार सदरे.
झगा कुठे गेला, कोण जाणे.